रंग पाहून पिल्लू घेताना

कसारा लोकलनं आसनगावला उतरलं आणि शहापूरच्या वाटेला लागलं, की आता पूर्वीसारखी नुसती भातखाचरं दिसत नाहीत. माहुलीचे सुळके तेवढे जागच्या जागी आहेत! बाकी इमारती उभ्या राहिल्या, ठाण्या-डोंबिवलीकडच्या मंडळींचे ‘सेकंड होम’चे बंगले आले, आणि बंगला म्हटला की फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ची पाटी आलीच. पूर्वी त्या पाटीमागं एखादा लाल्या नाहीतर मोत्या असायचा. आता असतो लॅब्रॅडॉर, डाल्मेशियन, डॅक्सहुंड. आणि गंमत म्हणजे, कोणती जात यापेक्षा कोणता रंग याचीच चर्चा जास्त!

मोबाइलवरच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. ‘रेअर कलर’, ‘ब्लू’, ‘सिल्व्हर’, ‘चॉकलेट’, ‘मर्ल’. साड्यांच्या सेलमध्ये असावीत तशी रंगांची नावं, आणि रंगागणिक भाव वेगळा. मुलं हट्ट धरतात, “आई, निळ्या डोळ्यांचंच हवं!” पैसे मोजणारे ‘हे’ असले, तरी पुढची बारा-तेरा वर्षं त्याचं खाणंपिणं, आंघोळ, औषधपाणी कुणाच्या गळ्यात पडणार, हे तुम्हांला मी सांगायला नको. तेव्हा पिल्लू घरी येण्याआधीच या रंगांबद्दल थोडं बोलू या.

साडी लाल घेतली काय किंवा हिरवी घेतली काय, पोत तोच राहतो. कुत्र्याच्या रंगाचं मात्र तसं नाही. काही रंग अगदी निरुपद्रवी असतात. पण काही रंग असे, की जो जनुक केसांना तो रंग देतो, तोच कानात, डोळ्यांत, कातडीत ढवळाढवळ करून ठेवतो. पिल्लू दिसायला लोण्याचा गोळा, आणि महिन्याभरानं कळावं की त्याला काही ऐकूच येत नाही. असं घडतं, आणि पुष्कळदा ते टाळता येण्याजोगं असतं.

जनावराचा रंग पाहायची सवय आपल्याकडे जुनीच आहे म्हणा. मुरबाड तालुक्यात म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला आलेला शेतकरी रंग बघतो, भोवरा बघतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या डांगी गुरांना तर रंगावरून निरनिराळी नावंच आहेत. पण तो शेतकरी नुसता रंग बघून थांबत नाही. दात मोजतो, खूर पाहतो, बैल चालवून बघतो. डांगीची कातडी तेलकट असते म्हणून ती धो धो पावसात टिकते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपण मात्र फोटो पाहून बयाणा पाठवतो!

घावनाचं पीठ आणि पांढरे पायमोजे

कुत्र्याच्या अंगावर पांढरं येतं ते नेमक्या ठरावीक जागी का येतं, असा विचार कधी केलाय का? पायांत पांढरे मोजे, छातीवर चांदवा, शेपटीचं टोक, कपाळावर रेघ. पाठ काळी आणि पोट पांढरं असा बांडा कुत्रा आपण शंभरदा पाहतो. पाठ पांढरी आणि फक्त पंजे काळे, असा सहसा दिसत नाही.

त्याचं कारण पोटातल्या पिल्लाच्या वाढीत आहे. रंग बनवणाऱ्या पेशी सुरुवातीला असतात पाठीच्या कण्याच्या रेषेला. तिथून त्या दोन्ही अंगांनी खाली आणि पुढं पसरत जातात. तव्यावर मधोमध घावनाचं पीठ ओतावं आणि ते कडेपर्यंत पसरावं, अगदी तसं. पीठ कमी पडलं तर कुठं पोचत नाही? कडेला. पंजे, छाती, शेपटीचं टोक, नाकाडाचा शेंडा म्हणजे या घावनाच्या कडा. तिथं रंगपेशी पोचल्या नाहीत की ती जागा पांढरी.

इथवर काही बिघडलं नाही. पांढरे मोजे घातलेला कुत्रा ठणठणीत असतो. पण पीठ फारच कमी पडलं, तर कानाच्या आतपर्यंतसुद्धा रंगपेशी जात नाहीत. आता तुम्ही म्हणाल, कानाच्या आत रंग कशाला हवा? तिथं कोण बघायला जातंय? तर रंगासाठी नव्हेच. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात एक द्रव असतो, आणि त्यातलं क्षारांचं प्रमाण राखायच्या कामात या पेशींचा हात असतो. त्या नसल्या की ऐकण्याच्या नाजूक पेशी तग धरू शकत नाहीत. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईपर्यंत त्या मरून जातात, आणि पुन्हा कधी येत नाहीत. यावर औषध नाही, ऑपरेशन नाही.

हे फक्त कुत्र्यांतच असतं असं नाही. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं बहुधा बहिरी असतात, ही गोष्ट डार्विननं १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. माणसांतही कपाळावर पांढरी बट, निळे डोळे आणि जन्मजात बहिरेपण एकत्र येतं असा एक आनुवंशिक विकार आहे. वार्डनबर्ग नावाच्या डच नेत्रवैद्यानं १९५१ साली त्याचं वर्णन केलं. उलट ज्यांना आपण अल्बिनो म्हणतो ती माणसं पांढरीफटक असतात, पण बहुतेकांना ऐकू उत्तम येतं. कारण त्यांच्या अंगात रंगपेशी सगळ्या जागी पोचलेल्या असतात, फक्त त्या रंग बनवत नाहीत. म्हणजे मुद्दा रंगाचा नाही, पेशी पोचल्या की नाही याचा आहे.

सगळे पांढरे सारखे नव्हेत

ज्यांच्याकडे पांढरा झुबकेदार ‘पॉमेरेनियन’ आहे, त्या एव्हाना घाबरल्या असतील. घाबरू नका! आपल्याकडे ज्याला सर्रास पॉमेरेनियन म्हणतात तो खरा इंडियन स्पिट्झ. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीनं घराघरांत पोचवलेला तोच हा. त्याचा पांढरा रंग वेगळ्या वाटेनं येतो. रंगपेशी अंगभर असतात, फक्त केसात त्या पिवळसर रंगद्रव्यच बनवतात आणि तेही इतकं फिकं, की डोळ्याला पांढरं दिसावं. म्हणूनच त्याचं नाक काळंभोर असतं, पापण्यांची कड काजळ घातल्यासारखी, डोळे गडद. अशा पांढऱ्यात कानाची धास्ती नसते.

आता तमिळनाडूतला राजपालयम आठवा. दुधासारखा पांढरा आणि नाक गुलाबी, हीच त्याच्या सौंदर्याची खूण मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रंगाची निवड झाली, आणि या जातीत बहिरेपण आढळतं. गुलाबी नाक, गुलाबी पापण्या, निळे डोळे असं पांढरं पिल्लू दिसलं की हरखून जाण्याआधी त्याचा कान तपासायचा.

पण काळं नाक म्हणजे कानाची हमी, असंही धरून चालू नका. डाल्मेशियनचं उदाहरण त्यासाठीच सांगते. त्या ठिपक्यांच्या सिनेमामुळं, आधी १९६१ सालच्या कार्टूनमुळं आणि मग १९९६ सालच्या चित्रपटामुळं, जगभर मुलांनी आईवडलांकडे तोच कुत्रा मागितला. डाल्मेशियन मूळचा पांढरा कुत्रा. पिल्लं जन्मतात ती पांढरी, ठिपके दहा-पंधरा दिवसांनी उमटू लागतात. अमेरिकेतल्या तपासण्यांत या जातीची शंभरातली साधारण आठ पिल्लं दोन्ही कानांनी बहिरी निघाली, आणि बावीसच्या आसपास एका कानानं.

आणि खरी गोष्ट पुढंच आहे. काही डाल्मेशियन पिल्लं जन्मतःच अंगावर, बहुतेक कानावर किंवा डोळ्याभोवती, एक मोठा काळा डाग घेऊन येतात. अशा पिल्लांत बहिरेपण कमी असतं. साहजिकच आहे, पीठ तिथवर पोचलेलं असतं ना! पण प्रदर्शनांच्या नियमांत हाच डाग मोठा दोष. डागाचं पिल्लू स्पर्धेतून बाद, म्हणून पैदाशीतूनही बाद. निळे डोळे आणि बहिरेपण यांची सांगड या जातीतही सापडली आहे. ज्या खुणेवरून कान शाबूत असल्याचा अंदाज येतो, तीच खूण माणसांनी हौसेपायी काढून टाकायची ठरवली. मला तर हे वाचलं तेव्हा रागच आला.

घरच्या घरी कान कसा पाहाल?

पिल्लाचे कान जन्मतः मिटलेले असतात, ते दोनएक आठवड्यांनी उघडतात. त्यामुळं अगदी तान्ह्या पिल्लाची परीक्षा करून उपयोग नाही. पाच-सहा आठवड्यांचं झाल्यावर करा.

पहिली गोष्ट, त्याला भावंडांतून वेगळं काढा. बहिरं पिल्लू फार हुशार असतं. बाकीची पळाली की तेही पळतं, आणि विकणारा म्हणतो, “बघा ताई, हाक मारली की कसं येतं!” हाक ऐकून आलं की भावंडं बघून आलं, कसं कळणार? तेव्हा एकटं घ्या. त्याला दिसणार नाही अशा बेतानं मागं उभ्या राहा आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवा, नाहीतर चमच्यानं वाटी. टाळी वाजवू नका, हवेचा झोत लागतो. पाय आपटू नका, जमिनीची थरथर पंज्यांना कळते. ते झोपलेलं असताना हे केलंत तर आणखी चांगलं. कान टवकारतं का, मान वळवतं का, ते पाहा. आणि एकाच वेळी उरकू नका. थोड्या थोड्या वेळानं दोन-तीनदा करा, कारण पिल्लांना कंटाळा चटकन येतो.

यातून दोन्ही कानांनी बहिरं असलेलं पिल्लू लक्षात येतं. एका कानानं बहिरं असलेलं मात्र या परीक्षेत सहज पास होतं! त्याच्यासाठी कानाजवळ बारीक सुया लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे मोजणारी ‘बेअर’ नावाची चाचणी असते. ती मोजक्याच ठिकाणी होते. एका कानानं बहिरा कुत्रा घरात मजेत राहतो, त्याचं काही अडत नाही. पण तो पुढच्या पिढीला काय देईल, हा प्रश्न उरतोच, म्हणून त्याची पिल्लं काढू नयेत.

वहिनींची सोयरीक

आसनगावातच आमच्या ओळखीतल्या एका वहिनींकडे डॅक्सहुंडची कुत्री आहे. लांबुडकं अंग, आखूड पाय, आणि रंग असा की जणू काळ्या कापडावर राखी-पांढरे शिंतोडे उडवलेत. संगमरवरासारखा. याला मर्ल म्हणतात, डॅक्सहुंडमध्ये डॅपल. गेल्या दिवाळीनंतर वहिनी उत्साहानं सांगत होत्या, “ताई, आमच्या वन्सं आहेत ना कल्याणच्या, त्यांच्याकडेही अस्साच नर आहे हो! दोघांची जोडी लावायची म्हणतोय. आईबाप दोघं इतके देखणे, पिल्लं किती सुंदर होतील! आणि घरातल्या घरात सोयरीक.”

मी म्हटलं, “वहिनी, ही सोयरीक तेवढी मोडा.”

त्यांचा चेहरा पडला. मग मी ओट्यावरच्या तांदळाचे दाणे आणि तुरीचे दाणे घेऊन त्यांना हिशोब दाखवला. तुम्हांलाही सांगते.

प्रत्येक कुत्र्याजवळ या गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मर्ल कुत्र्याजवळ एक चिठ्ठी ‘मर्ल’ची असते आणि एक ‘साधी’. पिल्लाला तो त्यांतली कोणतीही एक देतो. वहिनींची कुत्री मर्ल, वन्संचा कुत्रा मर्ल. तेव्हा एखाद्या पिल्लाला दोन्हीकडून साधी चिठ्ठी मिळेल, ते साध्या रंगाचं होईल. एकीकडून मर्ल आणि दुसरीकडून साधी मिळाली तर ते आईबापांसारखं संगमरवरी. आणि दोन्हीकडून मर्लचीच चिठ्ठी आली तर? चौघांत एकाला असा योग असतो. ते पिल्लू बरंचसं पांढरं जन्माला येतं. अशांतल्या अनेकांचे डोळे लहान, वेडेवाकडे असतात, कधी डोळ्याचा गोळाच नीट तयार झालेला नसतो. एका अभ्यासात अशा दुहेरी मर्ल कुत्र्यांपैकी चौथा हिस्सा एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले. चौघांत एक हा प्रत्येक पिल्लापुरता योग आहे, बरं का. सहा पिल्लांच्या वेतात एकही दुहेरी निघणार नाही, किंवा तीन निघतील. नशिबाचा खेळ!

“पण वन्संच्या शेजारच्यांनी लावली होती अशीच जोडी, त्यांची तर सगळी चांगली निघाली,” वहिनी म्हणाल्या. निघाली असतील. वाईट निघालेली कुणी शेजाऱ्यांना दाखवत नाही, हेही तितकंच खरं. ब्रिटनच्या केनेल क्लबनं तर २०१३ पासून दोन मर्ल आईबापांच्या मर्ल पिल्लांची नोंदणीच बंद केली.

मर्ल कुत्र्याची जोडी साध्या रंगाच्या कुत्र्याशी लावली तर हा धोका राहत नाही. साधारण निम्मी पिल्लं संगमरवरी, निम्मी साधी, आणि दुहेरी एकही नाही. मात्र यातही एक मेख आहे. मर्लचे शिंतोडे उमटतात ते काळ्या-तपकिरी रंगद्रव्यावर. पिवळ्या किंवा लालसर केसांवर ते दिसतच नाहीत. म्हणजे एखादा साधा बदामी कुत्रा आतून मर्लची चिठ्ठी बाळगून असू शकतो. हल्ली गालाच्या आतून कापसाच्या काडीनं पुसून घेऊन त्यावरून ही चिठ्ठी तपासता येते. वहिनींनी शेवटी जोडी लावायचा विचारच सोडला आणि कुत्रीचं ऑपरेशन करून घेतलं. वन्सं महिनाभर रुसल्या होत्या.

राखी, चॉकलेटी, आणि सगोत्र

‘ब्लू’ म्हणून जो विकतात तो निळा नव्हे, राखी. काळ्या रंगाचे कण केसात एकसारखे पसरण्याऐवजी जागोजागी गोळा होतात, पिठात गुठळ्या राहाव्यात तसे. म्हणून काळा फिका दिसतो. याच राखी रंगाच्या काही कुत्र्यांत, विशेषतः डोबरमनमध्ये, केस त्या गुठळ्यांपाशी तुटायला लागतात. सहा महिन्यांपासून तीनएक वर्षांपर्यंत केव्हाही पाठीवर विरळ, मग टक्कल. कातडी कोरडी, वरचेवर पुटकुळ्या. हे बरं होत नाही, फक्त सांभाळावं लागतं. गोड तेल चोपडून केस परत येतील या आशेवर राहू नका. सगळ्याच राखी कुत्र्यांना असं होत नाही, वायमारानर जातीचे तर सगळेच कुत्रे राखी आणि बहुतेक सुखरूप असतात. पण डोबरमन राखी घ्यायचा असेल तर त्याचे आईबाप पाहा, आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवून पाहा. ‘सिल्व्हर लॅब्रॅडॉर’ म्हणजे हेच फिकेपण चॉकलेटी रंगावर चढलेलं.

चॉकलेटी लॅब्रॅडॉरबद्दल २०१८ साली ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काळे आणि पिवळे लॅब्रॅडॉर सरासरीनं १२.१ वर्षं जगले, चॉकलेटी १०.७ वर्षं. कान वाहण्याची तक्रार काळ्यांत शंभरात तेराच्या आसपास, पिवळ्यांत सतरा, चॉकलेटींत तेवीस! आता चॉकलेटी रंग स्वतः काही विष नव्हे. मग असं का व्हावं?

उत्तर आपल्याच घरातलं आहे. चॉकलेटी रंगासाठी दोन्हीकडून तीच चिठ्ठी यावी लागते. तशी चिठ्ठी असलेले कुत्रे कमी, म्हणून ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातच पुन्हा पुन्हा जोड्या लावल्या जातात. कधी चुलत, कधी मावस, कधी तर बापलेक. आपल्याकडे लग्न जमवताना सगोत्र नको म्हणतात ना? कुत्र्यांच्या ‘रेअर कलर’मध्ये सगोत्रच चालतं! आणि रंगाची चिठ्ठी दोन्हीकडून सारखी आली, की तिच्याबरोबर दुसऱ्याही, नको असलेल्या चिठ्ठ्या सारख्या येतात. कान, कातडी, सांधे यांचं दुखणं त्या वाटेनं घरात शिरतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जितका रंग दुर्मिळ, तितकं नात्यातलं लग्न जवळचं, असं समजायला हरकत नाही.

डाल्मेशियनचंच पुन्हा पाहा. त्या ठिपक्यांच्या निवडीत सगळ्या जातीला आणखी एक खोड चिकटली. यांच्या लघवीत युरिक अॅसिड फार उतरतं आणि खडे होतात. अमेरिकेत १९७३ साली एका शास्त्रज्ञानं डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदा संकर करून ही खोड काढून दाखवली, पण ‘रक्त शुद्ध राहिलं नाही’ म्हणून त्या वंशाला मान्यता मिळायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. तुमच्याकडे डाल्मेशियन असेल तर कोंबडीची कलेजी-भात हा आपला नेहमीचा खुराक त्याला घालू नका. कलेजी, गुर्दे त्याला वर्ज्यच. पाणी मात्र भरपूर प्यायला हवं, जेवणातही थोडं पाणी मिसळून द्या. तो लघवीला कुंथत असेल, थेंब थेंब होत असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. नराचा मार्ग अडला तर जिवावर बेततं.

कारवान कोणत्या रंगाचा?

सांगली, सोलापूर, लातूरकडच्या वाचकांना हे सगळं वाचून हसू येत असेल. त्यांच्याकडचा कारवान कोणत्या रंगाचा असतो? कुठल्याही! पिवळसर, काळा, राखी, बांडा. सशामागं कसा धावतो, दम किती, छाती किती खोल, यावर त्याला जोखलं. सशाची शिकार आता कायद्यानं बंद, पण बांधा तोच राहिला. मुधोळच्या संस्थानिकांनी, मालोजीराव घोरपड्यांनी, याच कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव झालं. २००५ साली त्याच्यावर टपालाचं तिकीटही निघालं. त्याला रोज मोकळं पळायला लागतं, फ्लॅटमध्ये कोंडून ठेवायचा तो कुत्रा नव्हे. एवढी जागा नसेल तर गावठी पिल्लू काय वाईट? लाल्या, काळू, वाघ्या, बांड्या ही नावं आपण रंगावरूनच ठेवली, पण रंगासाठी त्यांची पैदास कुणी केली नाही.

जातिवंतच घ्यायचं असेल तर २०१७ साली केंद्र सरकारनं केलेले श्वान पैदाशीचे नियम माहीत असू द्या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय तिची वीण घेता येत नाही, आणि जन्मात पाचापेक्षा जास्त वेतं काढता येत नाहीत. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तेव्हा महिन्याचं पिल्लू टोपलीत घालून स्टेशनवर आणून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आईबाप दाखवा म्हणा. बाप परगावी असेल तर निदान आई तरी दिसलीच पाहिजे, आणि ती कोणत्या रंगाच्या बापाशी लावली ते कळलंच पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत शहापूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा तुमच्या गावातल्या डॉक्टरांकडे नेऊन डोळे, कान, कातडी तपासून घ्या. निळ्या डोळ्यांच्या गुलाबी नाकाच्या कुत्र्याला वैशाखात भर दुपारी गच्चीवर बांधू नका, नाकाचा शेंडा आणि कानांची टोकं उन्हानं भाजतात.

आणि समजा, पिल्लू घरी आलं, मुलांचा जीव जडला, आणि मग कळलं की ते बहिरं आहे. परत करायचं? मुलांच्या डोळ्यांदेखत तर नक्कीच नाही, आणि गरजही नाही. बहिरा कुत्रा हातांच्या खुणा भराभर शिकतो. तळवा खाली म्हणजे बस, बोटानं आपल्याकडे खूण म्हणजे ये. खूण घरातल्या सगळ्यांची एकच हवी, आजींची वेगळी आणि मुलांची वेगळी असं नको. झोपलेला असेल तर एकदम अंगाला हात लावू नका, दचकून चावेल. नाकासमोर हात धरा म्हणजे वासानं जागा होईल, किंवा जमिनीवर हलकेच थाप मारा. अंधारात बोलवायचं तर अंगणातला दिवा दोनदा लावा-मालवा. गळ्यात घुंगरू बांधा, त्याच्यासाठी नव्हे, तो कुठं आहे ते तुम्हांला कळावं म्हणून. पट्ट्यावर ‘बहिरा आहे’ असं आणि तुमचा फोन नंबर लिहून ठेवा. फाटक मात्र कायम लावलेलं हवं, आणि बाहेर नेताना साखळी सोडायची नाही. आसनगावात एकीकडे रेल्वेचे रूळ, एकीकडे नाशिकचा हमरस्ता. ट्रकचा हॉर्न त्याला कधीच ऐकू येणार नाही.